वाकड्या अनेकवचनांची वही

सर, उद्या दुपारी साडेतीनला माझी मुलाखत आहे आणि मला अंड्याचं अनेकवचन आठवत नाही.

म्हणजे आता आठवलं. बेत्सीम. पण मघाशी कपडे वाळत घालताना आठवत नव्हतं, आणि त्या दोन मिनिटांत मी हातातली चादर नुसती पिळत उभी राहिले. आई पडवीतून ओरडली, "अगो, चादर फाडशील! काय झालंय काय तुला?" तिला काय सांगणार? अंडं अडलंय म्हणून?

तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. लोक म्हणतात, मास्तरांना मरण चांगलं आलं, खुर्चीत बसल्या बसल्या गेले, कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलावते. मला मात्र त्रास आहे, आणि तो सांगायचा कुणाला असा विचार केला की डोळ्यांसमोर तुम्हीच येता. म्हणून तुम्ही दिलेल्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहायला घेतलंय. शुद्धलेखन तपासायला तुम्ही नाही, तेव्हा बिनधास्त.

उद्या ही वही भलत्याच कुणाच्या हाती पडली तर घोटाळा नको, म्हणून आधी सांगून टाकते. मी शुभांगी. नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणारी. पाच वर्षं माझे सकाळचे दोन तास बेंजामिन सरांकडे जायचे आणि दुपारी परत एक फेरी. साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, पेज करायची, पायांना तेल लावायचं. सर भूगोलाचे निवृत्त मास्तर, वय चौऱ्याऐंशी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ते बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. त्यांचे लोक आधी मुंबईला गेले आणि मग इस्राएलला. रत्नागिरीत उरले ते एकटे सर.

झालं सांगून. आता परत तुमच्याशी.

तिकडे इस्राएलला वयस्कर माणसांची देखभाल करायला आपल्याकडून बायका जातात, हे खरं का, असं मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मग म्हणालात, "जातात. भाषा आली तर मान राहतो. नाही आली तर नुसते हात राबतात." दुसऱ्या दिवशी टेबलावर दोनशे पानी वही होती, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. डाव्या पानांवर हिब्रूचे सरळ शब्द, उजव्या पानांवर वाकडे. "माझ्या ओळखीचं एक घर आहे तिकडे," तुम्ही म्हणालात. "तू तयार झालीस की मी त्यांना कळवीन." ह्याला दोन वर्षं झाली.

डावी पानं चार दिवसांत संपली. पुल्लिंगी शब्दाला अनेकवचनात 'ईम' लावायचं, स्त्रीलिंगी शब्दाला 'ओत'. मी म्हटलं, एवढंच? आंबा तो, कैरी ती, कलम ते, अशी एका झाडाखाली तीन लिंगं सांभाळणारी बाई मी, मला दोन लिंगांची काय भीती दाखवता? तुम्ही मिशीत हसलात आणि उजवं पान उघडलंत.

तिथं पहिलाच बाप बसला होता. अव. पक्का पुरुष, पण अनेक झाले की अवोत, बायकांचा प्रत्यय लावून. बाई म्हणजे इशा, आणि चार बाया जमल्या की नशीम, पुरुषांचा प्रत्यय. खिडकी त्यांच्यात पुरुष, खलोन, पण खिडक्या खलोनोत. रात्र, लायला, ऐकायला बाई वाटते, आहे पुरुष, आणि रात्री म्हणजे लेलोत. अंडं बाई, पण बेत्सीम. शब्द हा शब्दसुद्धा बाई, मिला, आणि अनेकवचन मिलीम. मी वही मिटली आणि म्हटलं, "सर, ह्या भाषेत कुणाचा कुणाला धरबंध नाही."

"आहे की," तुम्ही म्हणालात. "शेपटीकडे बघू नकोस. शेजारी बसलेल्या विशेषणाकडे बघ. चांगली अंडी म्हणायचं तर बेत्सीम तोवोत. अंड्याने कितीही सोंग घेतलं तरी विशेषण खरं ते सांगून टाकतं."

"पण असे वाकडे झालेच का ते?"

"रोजच्या वापरातले आहेत म्हणून. बाप, बाई, अंडं, रात्र, खिडकी. आपली जांभ्याची पायरी बघ, जिथं रोज पाय पडतो तिथंच झिजलीय. कपाटात ठेवलेले शब्द मात्र नियम पाळतात."

मला तेव्हा ते पटलं होतं. पण दोन वर्षं झिजलेल्या पायऱ्याच मोजत बसल्यावर माणसाचा धीर सुटतो, सर.

नियम न मोडता वाकवायचा, ही तर तुमच्या घरातलीच रीत होती. तुमच्या धर्माचा विश्रांतीचा दिवस म्हणून शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत तुम्ही विस्तव पेटवायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, पेन धरायचं नाही, फोन घ्यायचा नाही. एवढ्यावरही भागत नव्हतं. दुसऱ्याला 'पेटव' असं सांगायचंही नाही. मग शनिवारी चार वाजता मी आले की तुम्ही आढ्याकडे बघत म्हणायचात, "चार वाजले की काही घरांत चहा होतो म्हणे."

"हो का? कुठल्या घरांत?"

"ते नाही बुवा ठाऊक."

मग मी गॅस पेटवायचे. दोन कप. माझ्यात साखर, तुमच्यात नाही. चहा झाला की तोंडी घोकंपट्टी, कारण शनिवारी लिहायची बंदी. पाच वर्षांत हे नाटक एकदाही चुकलं नाही आणि मला त्याचा एकदाही कंटाळा आला नाही.

शनिवारपुरतंच राहिलं असतं तर गंमत होती. पण तुम्हाला ती सवय आठवडाभर लागली होती. पाठ दुखते असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. "थंडी पडली की लोकांच्या पाठी धरतात," म्हणायचात. एकटं वाटतंय असं म्हणाला नाहीत. "आज रस्त्याला वर्दळ नव्हती," म्हणायचात. मी पाच वर्षं तुमच्या मराठीचं मराठीत भाषांतर करत होते. त्यापेक्षा हिब्रू परवडली.

आता त्या शुक्रवारचं. टाळत होते, पण ते लिहिल्याशिवाय सुटका नाही.

एस.टी. स्टँडवर मला कोर्सातली एक मैत्रीण भेटली होती. तीन महिन्यांत चार वाक्यं पाठ करून ती तिकडे निघाली होती, नवी कोरी बॅगसुद्धा घेतली होती. मी तशीच तडक तुमच्याकडे आले. म्हटलं, "सर, मला 'कुठे दुखतंय', 'औषध घ्या', 'सावकाश, पडाल' एवढं हवंय. तुम्ही मला बाप आणि खिडक्या शिकवताय. त्या घराला कळवा ना आता."

"अजून वीस शब्द राहिलेत."

"गेल्या महिन्यातही वीसच राहिले होते!"

आणि मग मी बोलू नये ते बोलले. "तुम्हाला मी जायलाच नकोय. मी गेले तर तुमचं कोण करणार, म्हणून तुम्ही मुद्दाम लांबवताय." मला वाटलं होतं, तुम्ही रागवाल. निदान 'छे, काहीतरीच' असं म्हणाल. म्हाताऱ्या माणसाने तोंडदेखलं तरी नाही म्हणावं की नाही? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मोहर आला की माणसांची चिडचिड वाढते." मी फाटक आपटून निघून गेले.

शनिवारी सकाळी आले, साखर बघितली, इन्सुलिन दिलं, पेज ठेवली, अवाक्षर बोलले नाही. चार वाजता आलेच नाही. घरी कुळीथ निवडत बसले होते. घड्याळात चार वाजलेले मला दिसत होते, सर. मनात म्हटलं, बसू देत एक दिवस बिनचहाचं. अगदी ह्याच शब्दांत म्हटलं. सहाला आले. तुम्ही खुर्चीत होतात, हनुवटी छातीवर टेकलेली. टेबलावर दोन कप उपडे मांडून ठेवले होते. तेवढं तुमच्या नियमात बसत होतं.

तुमचा फोन दर शनिवारसारखा कपाटावर, बंद करून ठेवलेला. तुम्हीच शिकवलं होतंत की जीवन, खय्यीम, हा शब्द तुमच्या भाषेत कायम अनेकवचनीच असतो, आणि तो वाचवायची वेळ आली की शनिवारसुद्धा बाजूला सरतो. मग फोन का नाही केलात? वेळच मिळाला नाही? की चार वाजता शुभांगी येणारच आहे म्हणून बसून राहिलात? डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, किती वाजता गेले असतील. ते म्हणाले, "दुपारी कधीतरी. चारच्या आधी की नंतर, ते नाही सांगता येणार." हे 'कधीतरी' दहा दिवस माझा जीव खातंय.

रविवारी मुंबईहून तुमचे लोक आले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणून दहा जण मोजून आले होते. मी दफनभूमीच्या दगडी गडग्याबाहेर उभी होते. सगळ्या प्रार्थनेत मला खय्यीम तेवढा ओळखू आला. दोन वर्षांचं शिक्षण, आणि ऐन वेळी पदरात एक शब्द. तुम्ही हसला असतात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून इंग्रजीत निरोप आला. "सरांशी ठरल्याप्रमाणे पुढच्या बुधवारी तुमच्याकडच्या साडेतीनला व्हिडिओवर बोलू. जमलं तर सरांच्या घरात बसून बोल. ओर्ना." म्हणजे हे ते ओळखीचं घर. ठरल्याप्रमाणे! कधी ठरलं, सर? शुक्रवारच्या आधीच ठरलेलं असेल, तर मी तुमच्यावर आळ घेतला आणि तुम्ही तो मुकाट्याने ऐकून घेतलात. आणि तुमच्या घरात बसून कशाला? त्यांना तुमची खुर्ची बघायची असेल. मग विचारतील, तूच ना त्यांचं करायचीस? त्या दिवशी चार वाजता कुठे होतीस? ह्याचं उत्तर मला मराठीत देता येत नाही, हिब्रूत काय देऊ?

काल रात्रीचं जेवण मी तसंच टाकलं तेव्हा आई म्हणाली, "जायचंय तर जा. माझं वहिनी बघंल. पण ह्या तोंडानं जाव नको. ते लोक म्हणतील, हिच्या घरचं कोण गेलं?"

"गेलंच की," मी म्हटलं. तिने माझ्या ताटावर झाकण घातलं.

तुमची चावी अजून माझ्याकडे आहे. उद्या जाईन. मी जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं, हे कळलं असतं तर जायचं नावसुद्धा काढलं नसतं, खरंच. मी जावं असं वाटत होतं, हे कळलं असतं तर ह्या दहा दिवसांत निदान चार घास धड गिळले असते. एकदा काय ते सरळ सांगायचं होतंत.

बुधवार, संध्याकाळ. तुमच्याच टेबलावर.

तीनलाच येऊन खिडक्या उघडल्या. मोहराचा वास आत आला आणि तुम्ही शिंकत नाही हे जाणवून उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले. फोन उभा करायला काही सापडेना. ते दोन कप मी अकरा दिवस हलवले नव्हते, त्यांनाच टेकवून उभा केला. वही पुढ्यात ठेवली. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

पडद्यावर पन्नाशीची एक बाई आली, आखूड केस, थकलेले डोळे. तिने माझ्यासाठी सावकाश बोलायला सुरुवात केली, हिब्रू, मधे मधे इंग्रजी. पहिलाच प्रश्न, स्वयंपाक काय काय येतो? मी म्हटलं, भात, पेज, सूप, आणि... बेत्सोत.

बेत्सोत! सरळ नियमाने! दोन वर्षं उजवी पानं घोकून मी डाव्या पानावरची चूक केली. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं. आणि ओर्ना मोठ्याने हसली. म्हणाली, "माझी आईपण असंच म्हणायची. साठ वर्षं इकडे काढली, तरी बेत्सोतच."

मग तिने फोन वळवला. चाकाच्या खुर्चीत शाल पांघरलेली एक म्हातारी बाई होती, मान खाली गेलेली. नाक तुमचं होतं, सर. ओर्ना म्हणाली, "ही माझी आई. तुझ्या सरांची मोठी बहीण."

भिंतीवरच्या त्या फोटोतली आक्का. बोटीच्या कठड्याला धरून उभी, पदर वाऱ्यावर. मी एकदा विचारलं होतं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "आक्का आता फोनवर येत नाही." मी समजले, ती गेली असणार. पुढे विचारलं नाही. तुमच्याकडे पुढे विचारायची सोयच नव्हती.

ओर्नाने सांगितलं ते मी तीनदा परत म्हणायला लावलं, तेव्हा कुठे नीट कळलं. आक्काचं डोकं विसरत चाललंय. हिब्रू सगळी पुसली गेली. आता ती रत्नागिरीला असताना बोलायची तेवढंच बोलते, आणि त्या घरात मराठी कुणालाच येत नाही. मुलांना तिने शिकवलीच नव्हती. दिवसभर ती काहीतरी मागते, कुणाला कळत नाही, मग ती रडते आणि मग हीपण रडते. चार बायका ठेवून झाल्या. दोन वर्षांपूर्वी ओर्नाने तुम्हाला विचारलं, कुणी मिळेल का. तुम्ही म्हणालात, "एक आहे. तुझ्या आईशी बोलायला तिला काही शिकावं लागणार नाही. तुझ्याशी बोलायला शिकवावं लागेल."

म्हणजे ते अंडं, त्या खिडक्या, त्या रात्री, हे सगळं आजारी माणसासाठी नव्हतंच. ते ओर्नासाठी होतं. आईने काय मागितलं ते लेकीला सांगता यावं म्हणून. आणि मी 'कुठे दुखतंय' शिकवा म्हणून तुमचं डोकं खात होते.

मी धीर करून विचारलं, बुधवार कधी ठरला?

शुक्रवारी, ती म्हणाली. दिवे लावायच्या आधी तुम्ही स्वतः फोन केलात. एरवी दर महिन्याला ती फोन करायची आणि तुम्ही म्हणायचात, अजून एक महिना. त्या शुक्रवारी म्हणालात, "ती केव्हाच तयार झालीय. वर्ष झालं. मी माझ्यासाठी ठेवून घेतली होती. आता मुलाखत घे." तिला का नाही सांगितलं, असं ओर्नाने तुम्हाला विचारलं होतं म्हणे. तुम्ही म्हणालात, बहिणीचं नाव काढलं असतं तर ती उपकारापोटी हो म्हणाली असती.

सर, म्हणजे मी बोलले ते खरं होतं. मुद्दामच लांबवत होतात. भांडण मी जिंकले, आणि हे सांगायला फाटक ढकलून धावत यावं असं एकच घर होतं. मला तुमचा इतका राग आला, आणि तुमचे पाय धरावेत असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मी रडले, पुसलं, परत रडले. ओर्ना थांबली होती.

मग मी तिला सांगून टाकलं. व्याकरण वगैरे सोडून दिलं. "शनिवार. मी. सहा. चार नाही." तिला कळेना. मी दोन्ही कप दाखवले, घड्याळ दाखवलं, खुर्ची दाखवली. "मी राग. मी नाही आले. सहा." शेवटी तिला कळलं. तुझी चूक नाही असं म्हणाली नाही. म्हणाली, "मी दहा वर्षांत एकदाही आले नाही."

तेवढ्यात आक्काने मान वर केली. डोळे बारीक करून पडद्यात बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे.

"ह्या कपाट भितीला कोणी लावलंन? ओल येते ना तिथं."

घरात बसून बोल असं ओर्नाने का सांगितलं ते मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, "पुढं घेते हां आक्का, संध्याकाळी."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू कोण गो?"

"मी शुभांगी."

"पेज झाली?"

"झाली, आक्का. निवत ठेवलीय."

तिचा चेहरा असा सैल झाला, सर, की ओर्नाने तोंडावर हात धरला. "मा ही ओमेरेत?" काय म्हणतेय ती, काय म्हणतेय? ओलीला हिब्रूत काय म्हणतात ते तुम्ही मला शिकवलं नव्हतंत. मी म्हटलं, "पाणी. भिंत. कपाट, चांगलं नाही." तेवढ्यावर ती बाई हसायला लागली आणि हसता हसता आईच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

आणि मग आक्काने विचारलं, "बेन्या कुठाय?"

हे ओर्नालाही कळलं, कारण तुमचं नाव होतं. तिचा हात थांबला. आक्काला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कुठल्या भाषेत? ओर्ना माझ्याकडे बघत राहिली. सांग म्हणाली नाही, सांगू नकोस असंही म्हणाली नाही. सरळ सांगायला जीभ उचलेना, आणि गप्प बसले तर ती परत विचारणार होती.

मी म्हटलं, "आक्का, आज शनिवार."

बुधवार होता. मला माहीत आहे.

"शनवार होय," ती म्हणाली. "मग निजला असंल. उठवू नको त्याला." मग थोड्या वेळाने, जणू मी विसरेन म्हणून, "चार वाजले की चाय ठेव हां. तो मागायचा नाय. बारका होता तवापासना तसाच. भूक लागली तरी सांगायचा नाय, नुसता चुलीकडं बघत ऱ्हायचा. आपणच समजून घ्यायचा असता."

ओर्ना विचारत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय. मी सांगितलं. चहा. चार. तो मागत नाही. एवढे शब्द मला येत होते आणि एकही चुकला नाही.

मी हो म्हटलंय, सर. कागदपत्रं व्हायला वेळ लागेल, तोवर रोज दुपारी इथूनच आक्काशी बोलायचं ठरलंय. वही घेऊन जाईन. ओर्नालाही शिकायचंय आता, पेज कशी मागतात ते. कपाट मघाशीच भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मागे खरंच ओल होती.

फोन ठेवला तेव्हा घड्याळात चार वाजत होते. घरात कुणी काही म्हणालं नाही. मी दोन्ही कप उलटे होते ते सुलटे केले आणि गॅस पेटवला.